संदर्भवाल्या शेंडे बाई

सावलीच्या बसस्टँडसमोर शेंडे बाई आलूबोंडा खायच्या, तेव्हा बघणाऱ्याला वाटावं की ही बाई खायला नाही, वाचायला आली आहे. बोंडा एका हातात उचलून त्या आधी त्याच्याखालचा कागद उलगडायच्या. कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा. मग बोंडेवाल्याला हाक जायची.

"अरे शामराव, ह्या कागदाचा वरचा तुकडा कुठी हाये? ह्याच्यावर तारीख नाई."

शामराव बिचारा कढई सोडून रद्दीच्या गठ्ठ्यात हात घालायचा. "बाई, त्याले तेल लागलं हाये ना."

"तेल चालते. तारीख फाटलेली नाई चालत."

तोवर त्यांचा बोंडा गार. मी सोबत असलो की माझाही गार. त्या कागदाची घडी पर्समध्ये जायची आणि संध्याकाळपर्यंत त्यावर लाल पेनने पान नंबर, रकाना नंबर पडलेला असायचा. तालुक्यात त्यांना 'संदर्भवाल्या बाई' म्हणायचे ते उगाच नाही.

यशोधरा शेंडे बाई म्हणजे सावलीच्या सार्वजनिक वाचनालयाच्या निवृत्त ग्रंथपाल. लोक निवृत्त झाले की नातवंडं सांभाळतात, परसात वांगी लावतात. बाईंनी इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात लेख लिहायला घेतले. कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं, असा तो कोश. बाई नुसतं 'कोश' म्हणायच्या, आणि घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायच्या. दर रविवारी सकाळी वाचनालयात त्यांचा वर्ग भरायचा. सरकारी दवाखान्यातल्या लक्ष्मी सिस्टर, वनरक्षक कोवे, दोनचार मास्तर आणि मी. मी चंद्रपूरचा, इथल्या हायस्कूलात मराठी शिकवायला आलेलो. मराठीचा मास्तर म्हटल्यावर आपल्याला लिहिता येतं असा माझा समज होता. तो बाईंनी पहिल्याच रविवारी उतरवला.

मी सावलीच्या तांदळावर लेख लिहिला होता. पहिलंच वाक्य: सावलीचा तांदूळ जगप्रसिद्ध आहे.

"जगानं कुठी म्हटलं?" बाई म्हणाल्या.

"म्हणजे... सगळ्यांना माहीत आहे ना, बाई."

"मले माहीत हाये, तुमाले माहीत हाये, शामरावले बी माहीत हाये. पन आपून तिघं म्हंजे जग नाई. छापलं कुठी हाये थे सांगा."

अख्खा वर्ग हसला. मला राग आला. खोटं कशाला बोलू, माझा राग नाकावरच असतो. पण पुढच्या रविवारी मी परत गेलो, कारण त्या बाईने माझ्या दीड पानाच्या लेखातून सव्वा पान काढलं होतं आणि उरलेलं पाव पान वाचायला खरंच चांगलं लागत होतं.

कोणाचा लेख होतो आणि कोणाचा नाही, हे त्या असं सांगायच्या: "उल्लेखनीय म्हंजे चांगला मानूस नाई जी. माहा बाप लय चांगला मानूस होता. त्याचा लेख होत नाई. उल्लेखनीय म्हंजे ज्याचं तुमच्याशी घेनंदेनं नाई, अशा मानसानं बसून तुमच्याबद्दल दोन पानं लिवली, आन् दुसऱ्यानं थी छापली. असं एकदा नाई, दोनतीनदा झालं पायजे."

हे ऐकून एकदा एक पुढारी वाचनालयात आले. नाव नको. गावोगावच्या फ्लेक्सवर ते भावी काहीतरी होते. सोबत दोन कार्यकर्ते आणि चकचकीत पुठ्ठ्याचा गौरवग्रंथ. बाईंच्या टेबलावर ग्रंथ दणकन ठेवला.

"बाई, हे घ्या पुरावा. तीनशे पानं. टाका कोशात."

बाईंनी पहिलं पान उघडलं, शेवटचं उघडलं. "हे कोनं छापलं, भाऊ?"

"आमीच."

"मंग हे तुमी तुमच्याबद्दल बोलले. दुसऱ्यायनं तुमच्याबद्दल काय छापलं थे आना ना."

भाऊ जरा घुटमळले. एक कार्यकर्ता दुसऱ्याकडे बघू लागला. मग भाऊ हळू आवाजात म्हणाले, "दुसऱ्यायनं जे छापलं थे नको जी."

"कोशाले नेमकं थेच लागते," बाई म्हणाल्या, आणि चहा मागवला. भाऊ चहा न पिताच गेले. गौरवग्रंथ विसरून गेले. बाईंनी त्यावर रीतसर शिक्का मारून तो वाचनालयाच्या 'देणगी' कप्प्यात लावला.

असं वागणाऱ्या माणसाला लोक कठोर म्हणतात. मीही म्हणायचो. पण एक रविवार मी पाहिला आहे. धानोऱ्याकडून मडावीबाबा आले होते. सत्तरीचे असतील, डोक्याला पांढरा दुपट्टा. त्यांना त्यांच्या गावच्या गोटुलबद्दल लिहायचं होतं. गोटुल म्हणजे गोंड गावात सगळ्यांनी जमायची, शिकायची, निवाडे करायची जागा. बाबा तासभर सांगत होते आणि आम्ही तोंड उघडं टाकून ऐकत होतो. संपल्यावर बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

मडावीबाबा शांतपणे म्हणाले, "बाई, आमचं कोनी छापलंच नाई. मंग आमी नाई का?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "तुमी हाये, बाबा. कागद नाई. चूक कागदाची हाये, तुमची नाई. कागदाचं मी पाह्यते."

आणि पाहिलं. पण कोशाचा नियम वाकवून नाही. गडचिरोलीच्या एका प्राध्यापकाच्या मागे त्या अशा लागल्या की तो माणूस त्यांना लांबून पाहून रस्ता बदलायचा म्हणे. शेवटी तो विद्यार्थी घेऊन त्या गावात गेला, राहिला, विचारलं, मोजलं, लिहिलं, आणि एका नियतकालिकात ते छापून आलं. पुढल्याच महिन्यात कोशात लेख उभा राहिला आणि त्याखाली पहिला संदर्भ लागला. मडावीबाबा पिशवीभर चारोळी घेऊन आले होते. बाईंनी मूठभर घेतली, बाकीची सगळ्यांना वाटली.

आता त्यांच्या बहिणीची गोष्ट. त्यासाठीच तर लिहायला बसलो आहे.

आमच्या या धानाच्या पट्ट्यात कापणी झाली की गावोगाव नाटकं लागतात. झाडीपट्टीची रंगभूमी. बाईंची मोठी बहीण चंद्रकला तिथली नायिका होती, एकदोन नाही, चांगली तीसेक वर्षं. माझ्या आईने चंद्रकलाबाईंचं नाटक बघायला बैलबंडीतून तीन गावं ओलांडल्याचं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आता त्या थकल्या होत्या, कुरखेड्याला मुलाकडे राहत होत्या. आणि कोशात त्यांच्यावर एक ओळ नव्हती.

"बाई, तुम्ही का नाही लिहीत?" मी एकदा विचारलं.

"माही सख्खी बहीन हाये थी. घरच्यानं घरच्याबद्दल लिवू नये, असा नियम हाये."

"कोण बघतंय?"

"मी पाहून राह्यली ना."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. "सर, ताईनं जनमभर मले काई मागलं नाई. मांगच्या दिवाळीले म्हने, यशू, तू साऱ्या दुनियेचं लिवते, माहं काऊन नाई? एकच गोष्ट मागलन तिनं. आन् नेमकी थेच मले देता येत नाई."

मी म्हणालो, "बाई, मी लिहितो." त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. म्हटलं, झालं, परवानगी मिळाली.

लेख मी झोकात लिहिला. चंद्रकलाबाईंच्या मुलाने ट्रंकभर हँडबिलं दिली होती, गुलाबी, हिरवी, पिवळी. प्रत्येकावर नाव ठळक. ती सगळी मी संदर्भ म्हणून लावली. आठवड्याच्या आत 'तटस्थ' नावाच्या एका जुन्या संपादकाने लेखावर पाटी लावली: उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, हँडबिलं ही नाटक कंपन्यांचीच जाहिरात आहे, लेख वगळावा. चर्चेला सात दिवस.

सात दिवस! माझं डोकंच फिरलं. कोण हा तटस्थ? याने शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गर्दीत बसून नाटक पाहिलंय का कधी? तावातावाने मी एका ओळखीच्या वार्ताहराकडे गेलो. एका साप्ताहिकात तो लिहायचा. म्हटलं, लेका, चंद्रकलाबाईंवर काहीतरी छाप, आणि लगेच छाप. त्याने तिसऱ्याच दिवशी छापलं. अर्ध पान, फोटोसकट. मी ते कोशात संदर्भ म्हणून ठोकलं आणि चर्चा पानावर छाती काढून लिहिलं: घ्या, स्वतंत्र वृत्तपत्रीय संदर्भ!

दुसऱ्या दिवशी त्याच पानावर एक नोंद आली. शब्द न् शब्द पाठ आहे मला. 'मी लेखविषय व्यक्तीची सख्खी बहीण आहे, म्हणून मत देत नाही. मात्र साप्ताहिकातील मजकूर याच लेखावरून उतरवलेला दिसतो. लेखात जन्मगाव चुकीचे दिले आहे, तीच चूक साप्ताहिकात आहे. हा संदर्भ स्वतंत्र धरू नये. यशोधरा शेंडे.'

बघा! म्हणजे आपल्याच बहिणीच्या लेखाचा एकुलता एक टेकू बाईंनी स्वतःच्या हाताने काढला. आणि खरं सांगायचं तर बरोबर होतं. त्या आळशी वार्ताहराने कोशातला माझा लेख जसाच्या तसा उचलला होता. जन्मगाव मी हँडबिलावरच्या कंपनीच्या पत्त्यावरून ठोकून दिलं होतं, तेही त्याने उचललं. म्हणजे मीच लिहिलं, त्याने माझंच छापलं, आणि मी परत त्याचाच पुरावा दिला.

पण तेव्हा बरोबर-चूक कोण बघतो? मी तडक त्यांच्या घरी गेलो. बाई अंगणात लाखोळीची डाळ निवडत होत्या.

"बाई, ही तुमचीच बहीण आहे ना?" मी अंगणातूनच ओरडलो. "तीन दिवस राहिलेत! लेख उडाला तर काय सांगाल तिला?"

"बसा सर."

"नाही बसत!"

"मंग उभ्यानं आयका. सडक्या खांबावर तिले उभी करू नका जी. उद्या कोनी तटस्थ येईन, खांब हलवन, आन् ताई साऱ्यायच्या समोर पडन. ह्या वयात पडली तं उठनार नाई." त्यांचे हात डाळीत तसेच थांबले होते. "मले का कमी वाटते का सर? रात्रभर डोळा नाई लागला. पन माही ताई खरी होती. तिले खोट्याची गरज नाई. खरा कागद कुठंतरी हाये. तुमी शोधला नाई, हँडबिलं सोपी होती म्हनून."

मी तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो. मग बसलो. मग डाळ निवडू लागलो.

त्याच दुपारी रविवारच्या वर्गातल्या सगळ्यांना निरोप गेले. बाईंनी साफ सांगितलं, मी मत देणार नाही, लेखाला हात लावणार नाही, पण संदर्भ कसा शोधायचा हे तर मी रोजच शिकवते. ताई कोणत्या वर्षी कोणकोणत्या गावांना गेली, हे तेवढं त्यांनी कागदावर उतरवून दिलं. कोवे गडचिरोलीच्या कॉलेजात गेले. लक्ष्मी सिस्टर माहेरी सिरोंच्याला निघाल्याच होत्या. मी रजा टाकून चंद्रपूरच्या जुन्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली उलटू लागलो. धुळीने शिंकून शिंकून नाक लाल झालं.

पहिला फोन कोव्यांचा. बाईंना टाळून रस्ता बदलणाऱ्या त्याच प्राध्यापकाने पुढे झाडीपट्टीवर पुस्तक लिहिलं होतं, आणि त्यात चंद्रकलाबाईंच्या अभिनयावर सहा पानं होती. सहा! मी फायलींच्या ढिगात बसून टाळी वाजवली, तिथल्या शिपायाने डोळे वटारले.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मी सिस्टरांचा फोन. आवाजावरूनच कळलं. "सर, मिल गया! गोदावरीच्या घाटाजवळ एका हॉटेलात भिंतीवर फ्रेम हाये. तेलुगू पेपरमधलं. चंद्रकलाबाईंचं नाटक इथी झालतं, त्याच्यावर लंबाचौडा लिवलं हाये. फोटोत मागं ह्याचं हॉटेल दिसते, म्हनून ह्यानं फ्रेम केलं."

"तारीख? सिस्टर, तारीख आहे का?"

"फ्रेमच्या पट्टीखाली गेली ना सर. आन् हा मानूस खोलू देत नाई. म्हनते, बापाच्या हातची फ्रेम हाये."

मी कपाळाला हात लावला. अर्ध्या तासाने मोबाइलवर फोटो आला. फ्रेम मोकळी, टेबलावर कात्रण, वर पेपरचं नाव, तारीख, पान नंबर. सगळं लख्ख. सिस्टर त्याच्याशी तेलुगूत काय बोलल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फ्रेम पुन्हा जशीच्या तशी बसवून दिली, एवढंच म्हणाल्या. आणि कोशाला संदर्भ कोणत्याही भाषेतला चालतो, हे आम्हाला बाईंनीच शिकवलं होतं.

तिसरा कागद मला सापडला, सहाव्या दिवशी दुपारी. नागपूरच्या एका दैनिकातलं नाट्यपरीक्षण. अर्धा रकाना चंद्रकलाबाईंवर. वाचता वाचता माझा चेहरा पडला. परीक्षक म्हणत होता, चंद्रकलाबाईंचा आवाज गरजेपेक्षा मोठा आहे आणि रडण्याच्या प्रसंगात त्या समोरच्या नटाला खाऊन टाकतात. घाबरत घाबरत मी बाईंना फोनवर वाचून दाखवलं.

"शिव्या देल्ल्या?" बाई जवळजवळ ओरडल्या.

"थोड्या."

"अवो मंग पक्का स्वतंत्र! ताईचा कोनीच नोहे थो! लावा, लावा लवकर!"

तिन्ही संदर्भ लागले. जन्मगाव दुरुस्त झालं. हँडबिलं मी स्वतः काढली, साप्ताहिकही काढलं. सातव्या दिवशी मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये मोबाइल उघडला. तटस्थने लिहिलं होतं: 'संदर्भ स्वतंत्र, सखोल आणि पुरेसे आहेत. प्रस्ताव मागे घेतो. शेंडे बाईंना माझा नमस्कार.'

मी अशी आरोळी ठोकली की हेडमास्तर धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला. सुट्टी मागितली, मिळायच्या आत निघालो. बाईंच्या दारात पोचलो तेव्हा त्यांनी आधीच वाचलेलं होतं. माझे दोन्ही हात धरले आणि गदागदा हलवले. मग म्हणाल्या, "चला सर, कुरखेड्याची बस हाये."

माझ्या बदलीचा आदेश त्याच आठवड्यात आला होता, त्यामुळे बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. चंद्रकलाबाई अंगणात उन्हात बाजेवर बसल्या होत्या. अंगाने वाळलेल्या, पण मान ताठ. बाई त्यांच्या पायाशी बसल्या आणि मोबाइलवर लेख उघडला.

"वाच, यशू."

मला वाटलं, डोळ्यांचा त्रास असेल. बाई वाचू लागल्या. एकेक वाक्य वाचायच्या आणि थांबायच्या, चंद्रकलाबाईंचे ओठ हलून झाले की पुढचं. जन्म, गाव, नाटकं, सिरोंच्याचा प्रयोग, मोठ्या आवाजाची टीकासुद्धा. लेख संपला तरी बाई थांबल्या नाहीत, खालचे संदर्भही पानांसकट वाचले. चंद्रकलाबाई म्हणाल्या, "आखीन एकदा." बाईंनी आणखी एकदा वाचलं.

मग चंद्रकलाबाई उठल्या. पदर खोचला. दोनचार शेजारणी कुंपणाशी आल्या होत्या, त्यांच्याकडे तोंड करून त्या सत्तरी पार केलेल्या बाईने माझा तो लेख म्हणायला सुरुवात केली. अहो, काय आवाज! त्या परीक्षकाचं खरं होतं, गरजेपेक्षा मोठाच होता. एक शब्द सुटला नाही. संदर्भ पहिला, पान अमुक ते अमुक. संदर्भ दुसरा, तेलुगू दैनिक, पान चार. शेजारणी तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. शेवटचा संदर्भ झाला आणि मी टाळ्यांसाठी हात उचलले, तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि त्याच आवाजात, त्याच लयीत पुढे म्हटलं:

"चंद्रकला हिले अक्षर येत नव्हतं. शाळा एकीचीच होनार होती, म्हनून थी लहान बहिनीची झाली. थे लहान बहीन, यशोधरा, शाळेतून येऊन तिले नाटकाचं पुस्तक वाचून दाखवे. येकूनयेक पाठ चंद्रकलानं असाच केला."

हे माझ्या लेखात नव्हतं. कोणत्याच कागदात नव्हतं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायचं त्यांना भान नव्हतं. मग त्यांनी मोबाइल बाजेवर पालथा ठेवला आणि आम्हा सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.